पडलेल्या फणसाच्या ओंडक्यातून पखवाजाचं खोड: न फुटता कसं काढायचं

गणपती आटोपले की खानापूर, जांबोटी, चंदगडकडची माणसं ओंडके घेऊन दारात उभी राहतात. पावसात परसातला फणस आडवा झालेला असतो. भजनी मंडळाला मृदंग हवा असतो, म्हणून कुणीतरी ओंडका राखून ठेवलेला असतो. दहातल्या सात ओंडक्यांत सालीपासून गाभ्यापर्यंत बोट शिरेल अशी फट पडलेली असते. गेल्या वर्षी एक पोरगा आला आणि म्हणाला, "मामा, दीड वर्ष सावलीत ठेवलाय, हात लावला नाही. आता पोखरायचं काय?" ओंडका बघून त्याला सांगावं लागलं की हात लावला नाहीस म्हणूनच तो फुटला.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ओंडका आधी वाळवायचा आणि मग पोखरायचा, असा समज पक्का बसलेला आहे. खोडाच्या, म्हणजे वाद्याच्या पोकळ लाकडी अंगाच्या, बाबतीत क्रम उलटा असतो. लाकूड ओलं असतानाच पोखरायचं, जाड ठेवून वाळवायचं, आणि वाळल्यावर मापात आणायचं.

कारण साधं आहे. वाळताना लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आखडत नाही. केंद्राकडून सालीकडे ते जेवढं आखडतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वलयांच्या अंगाने आखडतं. अख्ख्या गोल ओंडक्याला मधल्या नाभीमुळे (वलयं जिथून सुरू होतात तो मधला बिंदू) आत सरकायला जागाच नसते, मग तो एका जागी उघडतो. नाभी काढून टाकली की पोकळ खोड आखडतं, थोडं लंबगोल होतं, पण फुटायचं टळतं.

खाली दिलेली मापं 26 इंची भजनी पखवाजाची आहेत. ढोलकीसाठी मापं बदलतात, क्रम तोच राहतो. तुमच्या मंडळात चांगला बोलणारा जुना पखवाज असेल तर त्याचीच मापं उतरवून घ्या. 1 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

1. करवत लावण्याआधी: कागद

झाड आपल्या जागेत आपोआप पडलं म्हणजे ते लगेच कापून न्यायला मोकळं झालं असं नाही. खानापूर, जांबोटी ही गावं कर्नाटकात येतात आणि तिथे 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात जा. बरोबर जमिनीचा उतारा (आरटीसी), पडलेल्या झाडाचे मुळासकट दिसणारे फोटो आणि पंचायतीचं पत्र असलं की काम सोपं होतं. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, फेरी वाचते. रस्त्याकडेचं झाड आपलं नसतं, मग ते आपल्या बांधावर पडलेलं असलं तरी.

शिसव, सागवान किंवा चंदन असेल तर लेखी परवानगी हातात येईपर्यंत फांदीलाही हात लावू नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. ओंडका खानापुरात आणि कातारी (लाकूड चरकावर गोल करणारा) चंदगडला, असं बऱ्याचदा होतं. मध्ये राज्याची हद्द आहे. लाकूड गाडीत घालण्याआधी वाहतूक परवान्याचं विचारून घ्या. नाक्यावर अडकलेला ओंडका आठ दिवस उन्हात पडला की कागद मिळूनही उपयोग नाही.

2. झाड सोडवणं आणि ओंडका निवडणं

झाड विजेच्या तारांवर पडलं असेल तर हेस्कॉमची (वीज कंपनीची) माणसं येऊन लाईन बंद करेपर्यंत जवळ जाऊ नका.

उन्मळून पडलेलं झाड कापणं उभं झाड कापण्यापेक्षा धोक्याचं असतं. बुंधा सुटला की मुळांचा मातीसकट उपटलेला गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरतात. कापताना एक माणूस फक्त तिथे राखण म्हणून उभा करा.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर आधी वरून तिसरा हिस्सा कापा आणि मग खालून. एक टोक अधांतरी असेल तर याच्या उलट करा. नाहीतर करवत अडकते, किंवा बुंधा उभा चिरत जातो आणि कामाचं लाकूड तिथेच जातं.

कुठला भाग घ्यायचा? मुळाजवळचा दोन-तीन फूट सोडा, तिथे रेषा वेड्यावाकड्या असतात आणि पडताना बसलेले हिसके आत लपलेले असतात. फांदीचा जोड सोडा. झाड वर्षानुवर्षं एका अंगाला कललेलं असेल तर तेही सोडा, कारण त्याचं लाकूड एका बाजूने जास्त ओढतं. खोडाला 36 इंच लांबीचा तुकडा हवा आणि आतला पिवळा गाभा निदान 13 इंच व्यासाचा हवा. बाहेरचं फिकट लाकूड धरायचं नाही, कीड आधी तिथेच लागते. म्हणजे सालीसकट ओंडका 15-16 इंचांचा लागतो.

गाठ नको. नाभी दोन्ही टोकांना मध्याजवळ हवी. एका टोकाला मध्ये आणि दुसऱ्या टोकाला कडेला असेल, तर खोड वाळताना पिळतं.

*तपासा:* उरलेल्या लाकडाचा फूटभर तुकडा घेऊन कुऱ्हाडीने उभा फोडा. फुटलेला चेहरा सरळ निघाला तर ओंडका घ्या. पंख्याच्या पात्यासारखा पिळलेला निघाला तर सोडा, कितीही देखणा असला तरी. नंतर हातोडीने लांबीभर ठोकत जा. आवाज एका जागी अचानक बसका आला तर आत कूज किंवा चीर आहे. परसातल्या झाडात खिळे आणि कुंपणाची तार हमखास सापडते, म्हणून एक चुंबक फिरवून घ्या.

फणसाऐवजी शिवण असेल तर उत्तम, ती कमी हलते. आंबा चालतो, पण किडीचा बंदोबस्त दुप्पट करावा लागतो. निलगिरी घेऊ नका, ती पिळते आणि फुटतेच.

3. त्याच दिवशी दोन्ही तोंडं बंद करा

हे काम उद्यावर टाकायचं नाही. लाकडातलं पाणी अंगातून हळू जातं आणि कापलेल्या तोंडातून भराभर जातं. तोंड आधी आखडतं, मधलं लाकूड ओलंच राहतं, आणि तोंडाशी केसासारख्या चिरा पडतात. त्या तीन-चार इंच आत जातात.

वितळलेलं मेण किंवा जुन्या ऑइल पेंटचे दोन जाड हात, जे हाताशी असेल ते लावा. गावात शेणमातीचा लेप देतात. पहिल्या रात्रीपुरता तो ठीक आहे, पण सुकला की गळून पडतो आणि आपल्याला वाटत राहतं की तोंड झाकलेलं आहे. साल काढू नका. ओंडका जमिनीवर न ठेवता दोन दगडांवर ठेवा आणि ओलं पोतं टाका.

पोखरायला आठ दिवसांच्या आत बसा.

4. आखणी

दोन्ही टोकांचे तीन-तीन इंच कापून टाका. 30 इंच उरतात. अंतिम माप 26 आहे, म्हणजे प्रत्येक टोकाला दोन इंच अजून शिल्लक आहेत. ते आता कापायचे नाहीत.

दोन्ही तोंडांवर नाभी धरून परकाराने वर्तुळं काढा. मध्यबिंदू नाभीवरच घ्यायचा, ओंडक्याचा भौमितिक मध्य नाही. दोन्ही टोकांचे मध्य एका रेषेत आहेत का ते ओळंब्याने बघा. कच्ची मापं अशी:

धुम्याच्या, म्हणजे डाव्या तोंडाला बाहेरून 10½ इंच, आतून 7.
शाईच्या, म्हणजे उजव्या तोंडाला बाहेरून 7½ इंच, आतून 4.
पोट डाव्या तोंडापासून साधारण एक तृतीयांश लांबीवर, बाहेरून 12½ इंच.

डावं-उजवं आत्ताच खडूने लिहा. ओंडका घोडीवर (तो बसवायच्या लाकडी आधारावर) चार वेळा फिरला की गोंधळ होतो.

5. पोखरणं: आधी आतून, मग बाहेरून

बाहेरचा आकार आधी काढायचा मोह होतो, कारण तो दिसतो. काढू नका. ओंडका सरळ गोल असतो तोवर घोडीच्या खाचेत पाचर ठोकून घट्ट बसतो. एकदा तो पिंपासारखा झाला की पटाशीच्या प्रत्येक घावाला निसटतो.

एक इंची गिरमिटाने दोन्ही बाजूंनी नाभीतून भोक पाडत मध्यावर गाठ घाला. ते आरपार गेलं की निम्मी काळजी मिटली, नाभी गेली. भोकाभोवती आणखी भोकं पाडा आणि मधल्या भिंती गोल पटाशीने उडवा. ओला फणस लोण्यासारखा कापला जातो, पण त्याचा चीक पात्याला चिकटतो. दर काही मिनिटांनी रॉकेल किंवा खोबरेल लावलेलं फडकं पात्यावरून फिरवा.

पोटातलं लाकूड काढायला लांब दांड्याची, टोकाशी वाकवलेली पटाशी लागते. लोहाराकडून करून घ्या. ती नसेल म्हणून पोट भरीव ठेवून फक्त सरळ नळी पाडली, तर पोटाशी भिंत तीन इंची राहते, आणि वाळताना पातळ तोंड आणि जाड पोट यांच्या भांडणात खोड तडकतं. जाडी सगळीकडे जवळपास सारखी ठेवणं हे आकारापेक्षा महत्त्वाचं. पोटात दीड इंच, तोंडाशी पावणेदोन.

जाडी मोजायला 6 मिलिमीटरची सळी यू आकारात वाकवा. एक पाय आत, एक बाहेर. दोन पायांतलं अंतर माहीत असलं की उरलेली फट मोजून भिंत कळते. आत टॉर्च लावून बघा, उंचवट्यांच्या सावल्या पडतात.

आतलं काम झालं की वाकसाने (आडव्या पात्याच्या छोट्या कुऱ्हाडीने) बाहेरचा ढोबळ आकार काढा. गुळगुळीत करू नका.

*खबरदारी:* काम अर्धवट सोडून जेवायला गेलात तरी ओलं पोतं टाकून जा. पोखरलेलं ओलं खोड दोन तास उन्हात राहिलं तर तोंडाशी चीर दिसतेच. फणसाचा बारीक भुसा नाकाला झोंबतो, तोंडावर फडकं बांधा.

6. कीड

हे एका दिवसाचं काम आहे आणि ते फक्त ओल्या लाकडावरच नीट लागतं. दहा लिटर कोमट पाण्यात 300 ग्रॅम टाकणखार आणि 200 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. हातमोजे घालून आतून-बाहेरून तीन-चार वेळा लावा. ओल्या लाकडात ते पाण्याबरोबर आत उतरतं, वाळलेल्या लाकडावर नुसतं पृष्ठभागावर बसतं. अर्धा दिवस सावलीत निथळू द्या आणि मग नव्याने कापलेल्या दोन्ही तोंडांवर, तोंडापासून आत दोन इंचांपर्यंत, मेण किंवा पेंट लावा. उरलेलं पाणी पोरं आणि जनावरं यांच्यापासून लांब ठेवा.

7. वाळवणं: इथेच खोड राहतं किंवा जातं

माझं पहिलं खोड मी वाळवणीत घालवलं. दिवाळीपर्यंत छान होतं. वजन उतरत होतं, एक चीर नव्हती. काम लवकर आटपावं म्हणून संक्रांतीनंतर मी ते पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. फाल्गुनात एका रात्री शेडमधून फटाक्यासारखा आवाज आला. सकाळी बघतो तर उजव्या तोंडापासून पोटापर्यंत चीर, पोस्टकार्ड सरकेल एवढी. हिवाळा सरला की आपल्याकडची हवा कोरडी होते आणि दुपारी पत्रा तापतो. लाकूड बाहेरून आखडलं, आत अजून ओलं होतं.

पहिला महिना खोड पोत्यात गुंडाळून, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी पोतं बदला, ओलसर पोत्यात बुरशी येते. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने झाडा, घाबरू नका. पण तिथे लाकूड नखाने दबत असेल तर ते कुजायला लागलं आहे. तसं असेल तर पोतं काढून जरा मोकळ्या जागी ठेवा.

दुसऱ्या महिन्यापासून पोतं काढा. दोन पट्ट्यांवर आडवं ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. दर आठवड्याला पाव वळसा फिरवा, म्हणजे एकच अंग खाली राहत नाही.

जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर लाकडं ठेवायची पद्धत आहे. धुराने कीड लागत नाही हे खरं. पण पहिले सहा महिने तिथे नको, उष्णता जास्त होते. नंतर ठेवलंत तर चुलीच्या बरोबर वर नको, बाजूला.

वजनाची वही ठेवा. वही हरवते, म्हणून मी खोडाच्या आतल्या अंगालाच पेन्सिलने तारीख आणि वजन लिहितो. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग हळूहळू. सलग तीन महिने आकडा हलला नाही तर खोड वाळलं. हात लावून "सुकं लागतंय" हा अंदाज धरू नका, वरचं सूतभर लाकूड नेहमीच सुकं लागतं.

इंचाला एक वर्ष हा सुतारांचा ठोकताळा इथे जवळपास बसतो. दीड इंची भिंतीला बेळगाव-निपाणीकडे वर्षभर धरा. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात सव्वा ते दीड वर्ष. दुसऱ्या पावसाळ्यात वजन थोडं वाढलेलं दिसेल. ते हवेतलं पाणी आहे, पुन्हा उतरतं.

*तपासा:* चीर दिसली तर तिच्या टोकाला पेन्सिलने खूण करा आणि आठ दिवसांनी बघा. खूण ओलांडली नसेल आणि चीर शिल्लक दोन इंचांच्या आत असेल तर काही बिघडलं नाही, ती कापून जाणार आहे. पोटात गेली असेल तर खोड पूर्ण वाळू द्या. मग त्याच फणसाची पातळ पाचर, रेषा खोडाच्या रेषेला धरून, फेविकॉल लावून बसवा. ओल्या खोडात पाचर ठोकली तर तीच चीर वाढवते. दोन्ही तोंडं जोडणारी आरपार चीर असेल तर त्या खोडावर कातडं चढवू नका, ताण तोलणार नाही.

8. मापात आणणं

वेळ: दिवाळी ते संक्रांत. हवा ना फार ओली, ना फार कोरडी. श्रावणात मापात आणलेलं खोड चैत्रात आखडतं आणि पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल पडते.

खोड आता लंबगोल झालेलं असेल. डावं तोंड आडवं आणि उभं मोजलं तर तीन-चार सुतांचा फरक सहज निघतो. भिंत जाड ठेवली होती ती यासाठीच. आधी दोन्ही टोकांचे दोन-दोन इंच कापा, मग बाहेरून गोल करा आणि शेवटी आतून. कातारी जवळ असेल तर बाहेरचं काम त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. त्याला लाकूड किती महिने वाळवलंय ते सांगा आणि वजनाचे आकडे दाखवा.

अंतिम माप: डावं तोंड बाहेरून 9½ इंच, उजवं 6½, पोट 11½. भिंत पोटात 6-7 सूत, तोंडाशी जवळपास इंच. भिंत पातळ केली की आवाज मोठा येतो असं काहीजण सांगतात. पातळ खोड हलकं होतं खरं, पण वादीच्या (दोन्ही पुड्या ताणणाऱ्या चामड्याच्या पट्टीच्या) ओढीखाली तोंड पुन्हा लंबगोल होतं आणि सूर एका घरात, म्हणजे कडेवरच्या दोन वाद्यांमधल्या जागेत, लागला तर समोरच्या घरात उतरतो.

तोंडाची कड हे सगळ्यांत नाजूक काम. जाड आरशाच्या तुकड्यावर काजळ किंवा खडू फासा, तोंड त्यावर टेकवून हलकं फिरवा. रंग लागतो ते उंचवटे. कानशीने घासा, पुन्हा टेकवा. कडेला सगळीकडून सारखा रंग लागेपर्यंत करत राहा. मला एका तोंडाला अर्धा दिवस लागतो. सपाट झाली की बाहेरची धार काचकागदाने गोल करा, आतलीही किंचित मारा. धारदार कड राहिली तर नवी पुडी सहा महिन्यांत कडेलाच कापली जाते आणि लोक कातड्याला दोष देतात.

*तपासा:* तोंड चार दिशांनी मोजा. सुतापेक्षा जास्त फरक नको. खोड एका हाताने आतून तोलून बोटाच्या पेराने पोटावर ठोका. भरलेला, थोडा लांबणारा आवाज हवा. "टक्" करून तुटला तर कुठेतरी चीर राहिली आहे.

तेल किंवा पॉलिश आतून-बाहेरून दोन्हीकडे द्या. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडं ठेवलं की पावसाळ्यात आतलं अंग तेवढं फुगतं. जवसाचं तेल पातळ हाताने दोनदा, मध्ये आठ दिवसांचं अंतर. तोंडाच्या कडेला पॉलिश नको, तिथे पुडी घसरते.

9. गठ्ठे आणि उरलेलं लाकूड

आठ गठ्ठे, म्हणजे सूर लावायला वादीखाली बसवायचे लाकडी ठोकळे, याच झाडाच्या वाळलेल्या फांद्यांतून निघतात. सगळे एका जाडीचे करा. फांद्यांच्या सरळ तुकड्यांतून चिपळ्यांचे दोन जोडही होतात. मात्र चिपळ्यांचं लाकूड आधी उभं चिरून वाळवा, तिथेही नाभी नको.

10. पुडी चढवायला देताना

कातड्याचं काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्या. बेळगावात किंवा मिरजेला. खोड घेऊन स्वतः जा, मापं फोनवर सांगून पुडी मागवू नका. जाताना तीन गोष्टी सांगा: खोड नवं आहे, लाकूड फणसाचं आहे, आणि मंडळाच्या पेटीचा सूर कोणता आहे. शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग शाई चुकीच्या वजनाची बसते.

आतून मापात आणताना पेन्सिलचं लिखाण जातं, ते आत पुन्हा लिहा आणि घासू देऊ नका. पुढे पुडी बदलायला खोड उघडेल तेव्हा समोरच्या कारागिराला लाकूड कधीचं आणि कसं वाळलं ते कळतं.

पहिले पंधरा दिवस पखवाज मंडळाच्या सुरापेक्षा एक स्वर खाली ठेवा. रोज थोडा वेळ वाजवा, गठ्ठे हळूहळू खाली ठोका, आणि समोरासमोरच्या घरांत ठोका, एका अंगाने सलग नाही. भजन झालं की डाव्या पुडीवर वाजवण्यासाठी लावलेली कणीक तिथल्या तिथे खरवडून काढा. ती रात्रभर राहिली तर कातडं ओल धरतं आणि खालची कडही ओली होते. पहिल्या चैत्रात खोड उन्हाच्या खिडकीत आणि फॅनखाली ठेवू नका. चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवा.